आतडं म्हणजे घासायचं भांडं नव्हे



पर्युषण जवळ आलं की 'आतडी धुऊन काढणाऱ्या' चूर्णांच्या जाहिराती फोनवर सुरू होतात. मंडळातही कोणीतरी म्हणतंच, "अठ्ठाईआधी पोट एकदा साफ करून घे गं." मला हे अजिबात पटत नाही.

आपल्या आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा फक्त एक थर. त्याच्या एका बाजूला अब्जावधी जिवाणू, दुसऱ्या बाजूला आपलं रक्त. तरी सहसा काही बिघडत नाही, कारण या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात आणि त्यांच्यातल्याच काहीजणी बुळबुळीत लेप सोडत राहतात. मोठ्या आतड्यात हा लेप दुपदरी असतो. आतल्या पदरात जिवाणू जवळजवळ शिरतच नाहीत. शिवाय अस्तराच्या बहुतेक पेशी 3 ते 5 दिवसांत गळून तिथे नव्या येतात. सारवण रोजच चालू असताना वरून घासायचं कशाला? कडक रेचकाने जुलाब होतात, अंगातलं पाणी आणि क्षार जातात. चौविहार उपवासाच्या तोंडावर हे कसं परवडेल?

अस्तराला हवं असतं ते नीट खाणं. धान्या-कडधान्यांतला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं. तिथल्या पेशींचं मुख्य इंधन तेच. चोथा मिळेनासा झाला की काही जिवाणू तो लेपच खाऊ लागतात, असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय.

आता आपली ताटं बघा. चातुर्मासात पालेभाजी बंद, तिथीला हिरवं बंद, आणि त्या जागी काय? गाठी, पापड, मैद्याच्या पुऱ्या! त्यापेक्षा सालीची मूगडाळ, मोड न आणता शिजवलेले मूग, चवळी, ज्वारीची भाकरी करा. नियमही पाळला जातो आणि पोटही सांभाळलं जातं.

आतड्याचं दुखणं असेल, शौचातून रक्त जात असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पच्चक्खाण घेऊ नका. घरातल्या मोठ्यांनीही अशा सुनेला, मुलीला आग्रह करू नये.

तप आपण कर्मनिर्जरेसाठी करतो. त्याला पोटसफाईचं औषध म्हणणं मला तपाचा अपमान वाटतो. चूर्णाचे पैसे वाचवा, चांगले मूग आणा.