सीमेपलीकडचा मनोरा

काय दोस्तांनो, सुट्टीत आई-बाबांबरोबर युरोपला निघालात? मजा आहे बुवा! मग बॅग भरायच्या आधी घरातल्या फोनचे परदेशातले दर वाचून काढा.

आपलंच कार्ड तिकडे चालवणं म्हणजे रोमिंग. त्यात आलेला फोन नुसता उचलला तरी बहुधा पैसे पडतात. इंटरनेटचा दर एका एमबीचा असेल, तर गणित करा. १ जीबी म्हणजे सुमारे १००० एमबी. दराला हजाराने गुणलंत की बाबा का दचकले ते कळेल! चार-पाच दिवसांसाठी आपल्या कंपनीचं परदेशी पॅक सोयीचं. मुक्काम लांबला तर तिकडचंच प्रीपेड कार्ड बहुधा स्वस्त. जर्मनीत किंवा इटलीत ते घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो. फोनमध्ये ई-सिमची सोय असेल तर आणखी बरं, कारण बँकेच्या ओटीपीसाठी आपलं कार्ड आतच राहतं.

आता खरी गंमत ऐका. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार रद्द झाला. म्हणजे फ्रान्सचं कार्ड इटलीत, जर्मनीतही चालतं. (दुसऱ्या देशात किती डेटा मिळेल, ते मात्र पाकिटावर वाचा हं.) पण आपली मंडळी पॅरिसहून हमखास जातात कुठे? स्वित्झर्लंडला! आणि तो देश संघात नाहीच. तिथे हा नियम लागू नाही. काही कंपन्या आपणहून स्वित्झर्लंड जोडून देतात, काही देत नाहीत. म्हणून दुकानदाराला आधीच विचारायचं.

बरं, सीमा फोनला थोडीच दिसते! जिनिव्हा सरोवराच्या एका काठाला फ्रान्स, समोर स्वित्झर्लंड. तुम्ही फ्रान्समध्येच उभे, पण फोनने पलीकडचा मनोरा पकडला तर हिशेब स्वित्झर्लंडचा. तुम्ही फोनला हातही लावला नाहीत तरी फोटो, व्हिडिओ आपोआप वर-खाली होत असतात. तेव्हा अशा ठिकाणी 'डेटा रोमिंग' बंद करून टाका. विमानातलं आणि जहाजावरचं नेटवर्क तर वेगळंच, आणि भलतं महाग!

मदतीसाठीचा ११२ हा नंबर मात्र संघातल्या सगळ्या देशांत फुकट लागतो.

घरी फोन करताना आधी +९१ लावा. पुण्यातला घरचा फोन असेल तर ०२० मधलं पहिलं शून्य गाळा. आणि घड्याळ बघा बरं का! मे महिन्यात पॅरिसला रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा इकडे साडेबारा झालेले असतात. आजी केव्हाच झोपलेली असेल.