अन्नपूर्णा आणायला कोण जाणार?

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळातली एक मुलगी दोन लेकरांना घेऊन आमच्या दारात उभी राहिली. आदल्या रात्री पोलीस ठाण्यातून न्यायाधीशांशी फोनवर बोलून तिला टीआरओ, म्हणजे तात्पुरता प्रतिबंधक आदेश, मिळाला होता. घरात सासू-सासरे होते, म्हणून त्या घरी राहायची तिची हिंमत नव्हती. चहा पुढे ठेवला तर तो तसाच राहिला. तिने एका पाकिटाच्या पाठीवर यादी करायला घेतली. धाकट्याचा इन्हेलर. दप्तरं. तिघांचे पासपोर्ट. व्हिसाचे कागद. तिची डिग्री. आणि सगळ्यात खाली, बराच वेळ थांबून, ‘अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण’. लग्नात तिच्या आईने दिलेले.

त्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. ती इथे लिहिते आहे, कारण मंडळातल्या कुणाच्याही हातून ती होऊ शकते. मी तिच्या नवऱ्याला फोन केला. दहा वर्षांची ओळख, गणपतीत आमच्याबरोबर मखर बांधणारा मुलगा. म्हटलं, पिशव्या दाराशी ठेव, आमचे हे येऊन घेऊन जातील. तो म्हणाला, “वहिनी, सगळं देतो. तिला एवढंच सांगा, केस मागे घे.” आणि मी ते तिला सांगितलं. त्या रात्री ती झोपली नाही. सकाळी म्हणाली, “ताई, तुम्हीसुद्धा?”

तिच्या वकिलांनी मला समजावलं ते असं. न्यू जर्सीत १९९१च्या घरगुती हिंसा प्रतिबंधक कायद्याखाली असा आदेश निघाला, की ज्याच्यावर तो निघाला त्याने समोरच्याशी फोन, चिठ्ठी, व्हॉट्सअ‍ॅप यांतल्या कशानेही संपर्क करायचा नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडूनही नाही. म्हणजे मी पोचवलेला निरोप हा त्याचाच निरोप. आदेश स्वतः दिवाणी असतो, पण तो मोडणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी अटक होते. ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असलेल्या माणसाला न्यायालयाने आदेश मोडल्याबद्दल दोषी धरलं, तर देशाबाहेर पाठवण्यासाठी तेवढं कारण पुरू शकतं. “तिनेच बोलावलं होतं” हे उत्तर चालत नाही. आदेश न्यायाधीशांचा आहे, तो सैल करणं तिच्याही हातात नाही. म्हणजे माझ्या चांगुलपणाने तिचं दुःख वाढलं आणि त्याला तुरुंगाच्या दारापर्यंत नेलं.

मग सामान आणायचं कसं? रस्ता कायद्यानेच घालून दिला आहे. आदेशातच न्यायाधीश लिहू शकतात, की दोघांपैकी कुणालाही पोलिसांबरोबर घरी जाऊन आपल्या वस्तू घेता येतील. ही मुभा थोड्या वेळापुरती असते आणि बहुधा एकदाच मिळते. पोलीस तिथे शांतता राखायला असतात, वाटणी करायला नव्हे. टीव्ही कुणाचा, कपाट कुणी घेतलं, असा वाद निघाला तर ती वस्तू तिथेच राहते आणि प्रश्न न्यायालयात जातो. म्हणून यादी आधी करायची, नेमकी करायची आणि वस्तू घरात कुठे आहे तेही लिहायचं. ‘पासपोर्ट’ एवढं पुरत नाही. ‘बेडरूममधल्या करड्या फाइलमधला पासपोर्ट’ असं हवं. मूर्तींसाठी आम्ही लिहिलं : देव्हाऱ्यात डाव्या हाताला, चार इंच उंचीच्या दोन पितळी मूर्ती. बरोबर आलेल्या अधिकाऱ्याला अन्नपूर्णा कोण हे कुठून ठाऊक असणार? पण चार इंच पितळ त्याला कळलं.

सुनावणी दहा दिवसांच्या आत लागते, काउंटीच्या न्यायालयात, फॅमिली विभागात. अर्जाला फी नाही. दुभाष्याचेही पैसे पडत नाहीत, मात्र तो आधी मागावा लागतो, आणि मागताना ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा. हिंदीवर भागवू नका. रात्री काय घडलं ते परक्या भाषेत सांगताना निम्मं गळून जातं. सुनावणीनंतर अंतिम आदेश झाला तर त्याला मुदत नसते. न्यायालय तो रद्द करेपर्यंत तो चालू राहतो. त्यात गाडी, चेकबुक, आरोग्यविम्याचे कागद, ओळखपत्र, किल्ल्या कुणाकडे राहतील हे न्यायाधीश ठरवू शकतात. घर दोघांच्या किंवा एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं, तरी राहण्याचा ताबा पीडित व्यक्तीला देता येतो. त्याने मालकी बदलत नाही. आपल्याकडे नेमका इथेच गोंधळ होतो. बाईला वाटतं, नाव माझं नाही म्हणजे मला हक्क नाही. पुरुषाला वाटतं, बाहेर काढलं म्हणजे घर गेलं. दोन्ही खरं नाही.

आणि हे पुरुषांसाठीही लिहिते आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावं लागलेल्या माणसाचीही औषधं घरात असतात, ऑफिसचा लॅपटॉप असतो. त्यालाही पोलिसांबरोबर जाऊन ते आणता येतं. पण गराजचं दार उघडं दिसलं म्हणून पाच मिनिटांसाठी आत शिरू नका.

पासपोर्टबद्दल वेगळं सांगायला हवं. भारतीय पासपोर्ट नवऱ्याचा नसतो, सासऱ्यांचाही नसतो. १९६७च्या कायद्याप्रमाणे तो भारत सरकारची मालमत्ता आहे. “माझ्याकडे सांभाळून ठेवलाय” या बोलण्याला अर्थ नाही. एच-४ व्हिसावर आलेल्या आपल्या मुलींना दुसरी भीती असते, की घर सोडलं की आपण इथे उरतच नाही. घटस्फोटाआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. जोडीदाराने छळ केला असेल तर अशा पत्नीला स्वतःच्या नावाने कामाचा परवाना मागण्याची तरतूद अमेरिकेच्या कायद्यात आहे.

दागिने पुण्याच्या लॉकरमध्ये सासूबाईंच्या नावावर असतील, तर इथले पोलीस ते उघडून देणार नाहीत. तो लढा तिकडचा. पण तिकडेही कायदा तिच्या बाजूने आहे. स्त्रीधन फक्त तिचंच, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलं, आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेट ते परत करायला लावू शकतात. लग्नातले फोटो, सराफाच्या पावत्या, आईच्या वहीतली नोंद, सगळं जपून ठेवा.

१९८५मध्येच ‘मानवी’ ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था आपल्या न्यू जर्सीत सुरू झाली. राज्याची मदतवाहिनी रात्रंदिवस चालू असते : १-८००-५७२-७२३३.

यापुढे आपलं मंडळ अशा प्रकरणात कुणाचा निरोप नेणार नाही आणि समेटाची बैठक बोलावणार नाही, असा ठराव कार्यकारिणीत मी मांडते आहे. “दोघेही आपलेच” म्हणून मध्ये पडणं मला सोपं वाटलं होतं. त्याऐवजी करण्यासारखं पुष्कळ आहे. सुनावणीच्या दिवशी मुलं सांभाळायची. न्यायालयापर्यंत गाडीने सोडायचं आणि दारात थांबायचं. यादी करताना शेजारी बसायचं.

त्या मुलीला पंधरा मिनिटं मिळाली. डिग्रीची फाइल सापडली नाही, ती वकिलांनी न्यायालयाकडे मागितली आहे. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण धाकट्याच्या स्वेटरमध्ये गुंडाळून आले. तिचे चार खोके अजून आमच्या गराजमध्ये आहेत. आणखी आठ-दहा राहतील एवढी जागा आहे.