मागील बाकी पुढे ओढायची का?



'डेरी गर्ल्स' या मालिकेचा दुधाच्या डेअरीशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते. डेरी हे उत्तर आयर्लंडमधलं एक जुनं तटबंदीचं शहर, फॉईल नदीच्या काठावरचं. तिथे गावाच्या नावावरूनही भांडण आहे. कॅथलिक लोक डेरी म्हणतात, प्रॉटेस्टंट लोक बहुतेक करून लंडनडेरी. म्हणजे तोंडातून गावाचं नाव निघालं की माणूस कुठल्या बाजूचा ते समोरच्याला कळलंच.

या गावातल्या चार शाळकरी मुली आणि एक मुलगा यांची ही विनोदी मालिका. लिहिणाऱ्या लिसा मॅगी स्वतः त्याच गावच्या. ब्रिटनच्या चॅनल ४ वर ती जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाली आणि मे २०२२ मध्ये तिसऱ्या सीझनने संपली. एकूण भाग फक्त १९. आपल्याकडे सासू-सुनेची मालिका एवढे भाग महिन्याभरात दाखवते. मला आज या शेवटच्या सीझनबद्दलच लिहायचं आहे. ही मुलांची मालिका आहे असं सगळे म्हणतात, पण तिचा शेवट आपल्या वयाच्या बायकांनी बघावा असं माझं ठाम मत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनच्या ताब्यातला भाग. तिथल्या बहुसंख्य कॅथलिकांना आयर्लंडमध्ये सामील व्हायचं होतं, तर बहुसंख्य प्रॉटेस्टंटांना ब्रिटनमध्येच राहायचं होतं. यावरून साधारण तीस वर्षं बॉम्ब, गोळीबार, जाळपोळ चालली. साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. डेरीमध्येच ३० जानेवारी १९७२ या दिवशी ब्रिटिश सैनिकांनी मोर्च्यावर गोळ्या झाडल्या आणि तेरा जण त्याच दिवशी मेले.

मालिका घडते १९९० च्या दशकात, या सगळ्याच्या शेवटच्या वर्षांत. पण तिच्यात दिसतं ते घर. एरिन ही मुख्य मुलगी. तिची आई मेरी दिवसभर राबणारी आणि तोंडाने खमकी. मावशी सारा सदा नटलेली. मावसबहीण ओर्ला स्वतःच्याच तंद्रीत. आईचे वडील, म्हणजे आजोबा जो, त्याच घरात राहतात आणि जावयाला उठता-बसता टोमणे मारतात. हे बघताना आपण परक्या देशात आहोत असं वाटतच नाही. शाळा कॉन्व्हेंटची, आणि तिथल्या मुख्याध्यापिका सिस्टर मायकल यांना देवापेक्षा मुलींच्या भाषणांचा कंटाळा जास्त. रस्त्यावर सैनिक उभे असतात, पुलावर बॉम्बची अफवा असते, आणि घरात चर्चा चालते ती मुलं शाळेत वेळेवर कशी पोहोचणार याची. कितीही मोठं संकट असलं तरी बाईला डबा भरावाच लागतो, हे लेखिकेला पुरतं ठाऊक आहे.

तिसऱ्या सीझनमध्ये मुली मोठ्या होतात आणि आयांनाही त्यांचं स्वतःचं आयुष्य मिळतं. एका भागात मेरीला पुन्हा शिकावंसं वाटू लागतं. दुसऱ्या एका भागात आया आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला जातात आणि १९७७ सालच्या त्या स्वतः कशा होत्या ते दिसतं. आपल्या आईलाही कधी सतरावं वर्ष होतं, हे मुलींना पहिल्यांदा कळतं.

मग येतो हॅलोविनचा भाग. मुली मोठ्या हौसेने गाण्याच्या कार्यक्रमाला जातात आणि त्याच रात्री क्लेअरचे वडील अचानक जातात. बॉम्ब नाही, गोळी नाही, दुखणं मेंदूतल्या रक्तवाहिनीचं. तीस वर्षं जिथे माणूस माणसाला मारत होता तिथे लेखिकेने हा मृत्यू कोणाच्याही हातून घडवला नाही. मला ते फार योग्य वाटलं. अशा मरणाचा राग कोणावर काढणार? मैत्रिणी फक्त तिच्या सोबतीने चालत राहतात.

शेवटचा भाग १९९८ सालचा. त्या वर्षी १० एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, शांतता करार झाला. २२ मे रोजी त्यावर लोकांनी मत द्यायचं होतं, हो किंवा नाही. कराराची प्रत सरकारने घरोघर पाठवली होती, हे खरंच घडलेलं आहे. मालिकेतल्या घरातही ती येते आणि मोठी माणसं ती वाचून समजून घेण्याची धडपड करतात. आपल्याकडे विम्याची पॉलिसी वाचताना घराघरांत जे होतं तेच तिथे होतं. एरिन आणि ओर्लाला अठरा वर्षं पूर्ण होत असतात. एकीकडे वाढदिवसाची पार्टी, दुसरीकडे आयुष्यातलं पहिलं मतदान.

या भागातलं खरं भांडण मात्र दोन मैत्रिणींमधलं आहे. करारात एक कलम होतं, की शस्त्रसंधी पाळणाऱ्या गटांच्या कैद्यांना दोन वर्षांच्या आत सोडायचं. त्यात खून केलेलेही होते. एरिनला ते पटत नाही. ज्याने कोणाचा जीव घेतला त्याने मोकळं कसं फिरायचं? पण तिची जिवलग मैत्रीण मिशेल हिचा भाऊच खुनासाठी तुरुंगात आहे. तीन सीझन जी मुलगी फक्त वात्रटपणा करत होती, तिच्या घरात एवढं मोठं दुःख झाकलेलं आहे, हे आपल्याला शेवटी कळतं. दोघींत अबोला होतो. लेखिका कोणालाही चुकीचं ठरवत नाही. एरिनचं बरोबर आहे. मिशेलचंही बरोबर आहे. प्रश्न तसाच उरतो.

हा प्रश्न आपल्यासाठी नवा नाही, म्हणून मी इथे थांबते. दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस आपला उत्तम क्षमेचा, आणि पर्व संपल्यावर क्षमावाणी. पण क्षमा कोणी करायची? ज्या आईचा मुलगा गेला तिने करायची, की ज्याचं काहीच गेलं नाही त्याने मतपेटीत चिठ्ठी टाकून तिच्या वतीने करायची? दुसऱ्याच्या जखमेवर आपण उदार होणं फार सोपं असतं.

मला वाटतं, क्षमा ज्याचं गेलं त्याचीच. ती मागता येते, पण कोणाकडून काढून घेता येत नाही. आपल्या समाजात बाईला लगेच सांगतात, 'जाऊ दे, तू मोठ्या मनाची हो.' तसं सांगून क्षमा होत नसते. मग त्या दिवशी लोकांनी मत कशाला दिलं? मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे मला हे जमाखर्चाच्या भाषेतच सुचतं. एखादं येणं बुडीत खात्यात टाकलं म्हणजे ते पैसे कधी दिलेच नव्हते असं होत नाही. नोंद वहीत कायम राहते. कोणी, किती बुडवलं तेही राहतं. फक्त ती बाकी आपण पुढच्या वर्षाच्या वहीत ओढत नाही. 'हो' म्हणणाऱ्यांनी तेवढंच ठरवलं. खुन्याला निर्दोष म्हटलं नाही. मुलांच्या कोऱ्या वहीवर पहिल्याच पानाला आपली मागील बाकी लिहायची नाही, एवढंच.

मालिकेत हे आजोबा जो सांगतात. एरिन त्यांना विचारते, की आपण हो म्हटलं आणि तरी काहीच बदललं नाही तर? ते प्रश्न उलटा करतात. आणि बदललं तर? हे सगळं उद्या मुलांना सांगायची भुताखेतांची गोष्ट होऊन राहिली तर? जावयाशी धड न बोलणारा हट्टी म्हातारा हे बोलतो म्हणून ते मनाला लागतं. शेवटी ते धाकट्या नातीचा हात धरून मतदान केंद्रातून बाहेर पडतात. ती चिमुरडी, मत देण्याचं वयही नसलेली, पण मत तिच्यासाठीच होतं.

खऱ्या मतदानात उत्तर आयर्लंडमध्ये ८१ टक्के लोकांनी मत दिलं आणि त्यातल्या ७१ टक्क्यांनी हो म्हटलं. म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त लोक नाही म्हणाले. त्यांत आपलं माणूस गमावलेलेही होते आणि त्यांना दुष्ट म्हणायचा अधिकार कोणाला नाही. तीन महिन्यांतच, १५ ऑगस्टला, करार न मानणाऱ्या एका गटाने ओमा गावात बॉम्ब फोडला आणि २९ जण मेले. एरिनची भीती खोटी नव्हती. तरीही शांतता टिकली. चारशेहून जास्त कैदी सुटले आणि जुनं युद्ध पुन्हा पेटलं नाही. डेरीत २०११ मध्ये फॉईल नदीवर पायी चालणाऱ्यांसाठी पूल झाला, कॅथलिक वस्तीचा काठ आणि प्रॉटेस्टंट वस्तीचा काठ जोडणारा. त्याचं नावच शांतता पूल.

मालिकेत मला खटकलेल्या गोष्टीही सांगते. प्रॉटेस्टंट घर आपल्याला आतून दिसतच नाही. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला दोन्ही धर्मांच्या मुलांचं शिबिर होतं आणि आपल्यात सारखं काय, वेगळं काय, ते फळ्यावर लिहायचं असतं. वेगळेपणाचा फळा गच्च भरतो, अगदी टोस्टर कपाटात ठेवण्यापर्यंत, आणि सारखेपणाचं काही कोणाला सुचत नाही. तो फळा पुढे बेलफास्टच्या संग्रहालयात ठेवला गेला. पण शेवटच्या भागात ती दुसरी बाजू जवळपास नाहीच. दुसरं, करार घडवण्यात बायकाही होत्या. १९९६ मध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट बायकांनी मिळून स्वतःचा पक्ष काढला, निवडणूक लढवली आणि वाटाघाटींच्या टेबलावर दोन जागा मिळवल्या. पीडितांचा विचार करारात व्हावा म्हणून त्या झटल्या. बायकांच्या मालिकेत त्यांना एखादं वाक्य मिळायला हवं होतं. आणि अगदी शेवटी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुलीची जी गंमत आहे ती नसती तरी चाललं असतं. मी असते तर आजोबा आणि नातीवरच पडदा पाडला असता.

शिव्या भरपूर आहेत, विशेषतः मिशेलच्या तोंडी. कानाला त्रास होईल. खाली अक्षरं लावून बघा, कारण डेरीचं इंग्रजी झरझर आणि वेगळ्याच चालीचं आहे.

आता आपल्याबद्दल एक सांगते. क्षमावाणीच्या दिवशी आपण शंभर जणांना हात जोडल्याचं चित्र पाठवतो. बहुतेकदा ज्यांच्याशी कधी भांडण झालंच नाही अशांना. वाटणीवरून, बांधावरून, कुठल्याशा लग्नातल्या मानपानावरून ज्यांच्याशी वीस वर्षं बोलणं नाही, ते नाव मात्र यादीत नसतं. आणि आपल्या मुलांना चुलत घरी का जायचं नाही हे धड माहीतही नसतं, पण ती जात नाहीत. बाकी आपोआप पुढे ओढली गेलेली असते. ज्याने खरंच अन्याय केला त्याला जवळ करा असं मी म्हणत नाही. मुलांच्या वहीत ती रक्कम आपण का चढवतो, एवढंच विचारते.

सगळे भाग बघायला वेळ नसेल तर शेवटचा तरी बघा. घरात अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी किंवा नात असेल तर तिच्यासोबत बघा आणि तिला विचारा, तू कुठे शिक्का मारला असतास? तुमचंही मत कळवा. ज्यांचं मत 'नाही' पडलं असतं त्यांचं मला आधी वाचायचं आहे.