खोकल्याची बाटली आणि घरची उचल



या पेजवर आपण डिझेलचा कोटा, हवामानाचा इशारा, मासळीचा भाव असल्याच गोष्टी लिहितो. आज पोरांच्या सर्दी-खोकल्यावर लिहितोय. थंडी पडलीय, बंदरावर घरटी एक तरी पोर शेंबडं आहे. आणि एक गोष्ट २०२५ च्या ऑक्टोबरपासून माझ्या डोक्यातून जात नाही.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन इंदूरला गेली. राजेंद्र नगरात राहते. तिथं मराठी माणूस पुष्कळ, त्यामुळे परक्या गावात आल्यासारखं वाटत नाही. (फक्त मी नेलेली सुकट तिला तीन पिशव्यांत बांधून ठेवावी लागते, शेजारी शाकाहारी!) दिवाळीच्या आधी तिच्याकडे गेलो होतो. तेव्हा तिथल्या पेपरात पहिल्या पानावर रोज एकच बातमी. त्यांच्याच राज्यातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, लहान पोरं मरत होती. साधी सर्दी, ताप, खोकला म्हणून औषध दिलं. पुढे लघवी कमी झाली, मग बंदच झाली. किडन्या गेल्या. छिंदवाडा म्हणजे आपल्या नागपूरच्या वरचाच जिल्हा, म्हणून पोरांना नागपूरला आणलं. त्यातली बरीच तिथंच गेली. वीसहून जास्त मुलं, बहुतेक पाच वर्षांच्या आतली.

औषधाचं नाव कोल्ड्रिफ. तामिळनाडूत कांचीपुरमच्या स्रेसन फार्मा कंपनीनं बनवलेलं. तामिळनाडू सरकारच्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. चालतं किती? ०.१ टक्का. आपल्या भाषेत सांगायचं तर इंजिनात कूलंट घालतो ना, त्यातल्या ग्लायकॉलचं हे भावंड. चवीला गोड, रंग नाही. पोर तोंड वाकडं न करता पितं. औषध पातळ करायला जे चांगल्या दर्जाचं द्रव वापरायचं, त्याच्या जागी किंवा त्यात मिसळून हे स्वस्तातलं येतं आणि घात होतो.

बरं, हे पहिल्यांदा झालं असंही नाही. १९८६ साली आपल्या मुंबईत, जे. जे. हॉस्पिटलात, ग्लिसरीनमध्ये हेच विष आलं आणि १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, मोठा अहवाल आला. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात सत्तरच्या आसपास पोरं गेली, तिथंही संशय भारतातून गेलेल्या खोकल्याच्या औषधांवरच आला. म्हणजे चाळीस वर्षं तेच.

बहिणीच्या नातवालाही तेव्हा खोकला होता. सुनेनं फ्रीजच्या दारातली बाटली काढली, नाव वाचलं, बॅच नंबर वाचला. दुसरंच औषध होतं. तरी तिनं ते मोरीत ओतलं. मी बघत होतो आणि मला माझं घर आठवत होतं. आमच्या कपाटात दोन बाटल्या होत्या. दोन्ही मीच आणलेल्या. जेट्टीवरून घरी येताना मेडिकलमध्ये थांबायचं, "नातवाला खोकला आहे, तीन वर्षांचा आहे, चांगलं काहीतरी द्या" म्हणायचं, पैसे द्यायचे, पुढे चालू. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. माझ्या नातवाला काही झालं नाही, हे माझं नशीब. अक्कल नव्हे.

आपण मासळी घेताना कल्ले उघडून बघतो. डिझेलमध्ये पाणी आलंय का बघतो. बर्फ भुसभुशीत निघाला तर कारखानदाराशी भांडतो. औषधाच्या बाटलीला कल्ले नसतात. छिंदवाड्याच्या वेळी सुरुवातीला तपासलेल्या काही नमुन्यांत सरकारी लोकांनाही विष सापडलं नव्हतं. मग तुम्हाआम्हाला घरात बसून काय कळणार? म्हणून माझं मत सरळ आहे. जे औषध पोराला लागतच नाही, ते घरात आणायचंच नाही. कंपनीवाल्यांना, तपासणीवाल्यांना शिक्षा व्हायलाच हवी. कंपनीच्या मालकाला अटक झाली, लायसन रद्द झालं. पण आपल्या पोराचा जीव त्यांच्या भरवशावर ठेवायचा नाही.

आणि लागत नाही हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. केंद्राच्या आरोग्य खात्यानं ३ ऑक्टोबर २०२५ ला सूचना काढली: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, पाच वर्षांखालीही साधारणपणे देऊ नयेत. त्याआधी २०२३ च्या डिसेंबरात औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखाली नको, आणि तसं बाटलीवर छापा, असं सांगितलं होतं. कोल्ड्रिफमध्ये हीच जोडी होती. सर्दी बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते, खोकला दोनेक आठवडे रेंगाळतो. त्या दिवसांत औषध दिलं की आपल्याला वाटतं औषधानं बरं वाटलं.

मग द्यायचं काय? अंगावरचं पोर असेल तर दूध, पुन्हा पुन्हा. मोठ्याला कोमट पाणी, पेज, सार. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात ते. रात्री खोकला येतो तेव्हा चमचाभर मध, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही. ताप असेल तर पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे डॉक्टर सांगेल तेवढंच.

आता आपल्या घरांतलं बोलतो, राग मानू नका. ब्रँडीचा थेंब बंद करा. म्हाताऱ्या बायका म्हणतील आमची सगळी पोरं त्यावरच वाढली. मीही त्यावरच वाढलो, म्हणून ते चांगलं ठरत नाही. बाळाला ओव्याची धुरी देतात, तीही बंद. आधीच छाती भरलेली, त्यात धूर कशाला? आणि घरात बिडी ओढणाऱ्या बाप्यांनी बाहेर जावं, एवढं तर जमेल.

लस राहिली असेल तर बघा. न्यूमोनियाची लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना. फ्लूची सहा महिन्यांनंतर देता येते, पण ती पैसे देऊन घ्यावी लागते. ज्यांना परवडते त्यांनी डॉक्टरला विचारावी.

खरं शिकायचं आहे ते बघायला. इंजिनाचा आवाज जरा बदलला की तांडेलाला झोपेतही कळतं. तसा पोराचा श्वास घरच्यांना कळला पाहिजे. पोर शांत असताना, रडत नसताना, अंगातलं कापड वर करून मोबाईलवर एक पूर्ण मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या पोराचे ४० किंवा जास्त श्वास झाले तर थांबायचं नाही, दवाखाना. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, पोर पीत नाही, उठवलं तरी सुस्त आहे, ओठ निळसर दिसतात, किंवा लघवी कमी झालीय, तरीही तेच. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी तेच. रात्र असेल तर १०८ ला फोन.

इथंच आपली खरी अडचण येते, आणि खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो.

बोट आठ-आठ दिवस बाहेर. घरी बाई एकटी, दोन पोरं, सासू. पोराला धाप लागली तर ती आधी काय करते? नवऱ्याला फोन लावते, रेंज नसते. हातात पैसे नसतात, कारण हिशोब बोट आल्यावर. नाखव्याच्या घरी जाऊन मागायची लाज वाटते. मग मेडिकलमधून शंभर रुपयांची बाटली येते, कारण शंभर रुपये असतात. गाडी करून जिल्ह्याच्या हॉस्पिटलात जायला नसतात. छिंदवाड्याच्या बातम्या वाचताना मला वाटत राहिलं, या आयांना लोक उगाच दोष देतील. त्यांनी काय चूक केली? पोर आजारी पडलं, औषध पाजलं. आपल्याकडच्या बाईचंही तेच. ती आळशी नाही, अडाणी नाही. तिच्या हातात निर्णय घ्यायला पैसे नाहीत, एवढंच.

आपण खलाशाला हंगामाआधी उचल देतो, कारण तो दुसऱ्या बोटीवर जाऊ नये. तिथं आपला हात सैल असतो. मग पोराच्या दवाखान्यासाठी त्याच्या बायकोला उचल द्यायला बोट येईपर्यंत का थांबायचं? या हंगामापासून मी माझ्या बोटीपुरतं सुरू केलंय. ज्या खलाशाच्या घरी पाच वर्षांखालचं पोर आहे, त्याच्या घरी बोट सुटायच्या आधी दोन हजार रुपये वेगळे ठेवायला देतो. वापरले तर नंतर हिशोबात धरायचे, नाही वापरले तर परत. आतापर्यंत दोन घरांनी वापरले. एकीनं रात्री अकराला रिक्षा केली, पोराला न्यूमोनिया निघाला, पाच दिवसांत घरी आलं. बाप समुद्रावर होता, त्याला धक्क्याला लागल्यावर कळलं.

संस्थेनं हे सगळ्या बोटींसाठी करावं, असं माझं म्हणणं आहे. संस्थेच्या ऑफिसात एक थर्मामीटर आणि श्वास मोजायचा तो तक्ता भिंतीवर, आणि अशा उचलीसाठी थोडी रक्कम बाजूला, जी बाईच्या सहीवर मिळेल, नवऱ्याच्या नाही. पुढच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. काही नाखवे म्हणतील, पैसे बुडतील. बुडतील कधीतरी, आपले काय आजवर जाळ्यात बुडाले नाहीत? ज्यांना पटत नाही त्यांनी सभेला यावं आणि समोर बोलावं. बायकांनाही घेऊन या, या विषयावर त्यांचं मत आधी ऐकायचं आहे.