उसने सामर्थ्य

ज्याच्या कमरेस पिस्तूल तोच खरा स्वतंत्र पुरुष, आणि १८७८ च्या हत्यारबंदीच्या कायद्याने परक्या सरकारने आमचे हे पौरुषच हरण केले, असा युक्तिवाद शस्त्रपरवान्याचे कैवारी करतात. त्यातील इतिहास मला निःसंकोच मान्य आहे. युरोपियनांना सूट आणि एतद्देशीयांना बंदी हा उघड पंक्तिप्रपंच होता, व काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले ते रास्तच होते. परंतु तो अपमान नागरिकत्वाचा होता. परवाना हाती पडताच मनुष्याच्या अंगी सामर्थ्य संचारते, हे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही.

संचारते ती केवळ सामर्थ्याची भावना. १९६७ साली बर्कोविट्झ व लपेज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना असे आढळले की, आधीच चिडवलेल्या विद्यार्थ्यांच्या समोर मेजावर बंदुका ठेवल्या असता ते चिडवणाऱ्यास विजेचे झटके अधिक देतात. पुढील प्रयोगांत हा निष्कर्ष दर वेळी तितकाच ठाम ठरला नाही, हे खरे. पण मुंबईच्या गिरणगावाला त्यासाठी प्रयोगशाळेची गरज पडली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, संप फसला, आणि लालबाग-परळच्या चाळींतील काही बेकार पोरांच्या हाती टोळीवाल्यांनी ‘घोडा’, म्हणजे पिस्तूल, दिला. कालपर्यंत ज्याची कोणी विचारपूस करीत नसे त्याला गल्ली वाट करून देऊ लागली. परंतु ज्याने आपले वजन लोखंडाकडून उसने घेतले, त्याला ते लोखंड खाली ठेवण्याचे भय वाटणारच.

पोलिसांनी बंदुका टाकाव्यात असे माझे म्हणणे नाही. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर पोलिसांच्या गोळ्यांनीच एक हल्लेखोर पडला, आणि तेथे कित्येकांना लाठीनिशी उभे राहावे लागले याची मला आजही चीड येते. मी विचारतो ते इतकेच की, त्या रात्री सामर्थ्य कोणापाशी होते? सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे, लष्करात नोकरी करून पोलिसांत आलेले. त्यांनी दुसऱ्या हल्लेखोराच्या स्वयंचलित रायफलीची नळीच हातांनी धरली. गोळ्या देहात शिरत असताही ती पकड सुटली नाही, आणि तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी त्या इसमास जिवंत धरले.