फितुरीचे मूळ

एखादा शिपाई आपली छावणी सोडून शत्रूच्या गोटात गेल्याची वार्ता आली, की शहाण्या गृहस्थांचे काम फार सोपे होऊन जाते. फितूर, निमकहराम, देशद्रोही असे तीन शब्द उच्चारले की चौकशी संपली! त्याचा अपराध काय, हा प्रश्न लष्करी न्यायालयाचा आहे, आणि त्याचे उत्तर सर्व देशांच्या कायद्यांत जवळजवळ सारखेच आहे. त्याविषयी आमचा वाद नाही. परंतु तो गेला का, हा दुसरा प्रश्न राज्यकर्त्यांना विचारावयाचा असतो, आणि म्हणूनच तो सहसा कोणी विचारीत नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील आम्हां मराठी माणसांना तो विचारण्याचा अधिकार इतरांहून किंचित अधिक आहे. कारण विलीनीकरणाची मागणी करणाऱ्यांवर फितुरीचा शिक्का मारण्याची हौस काही मंडळींना अद्याप आहे.

कौटिल्याने या विषयाचा विचार आजच्या सेनापतींहून अधिक थंड डोक्याने केला होता. अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात शत्रूकडून फोडली जाण्याजोगी माणसे कोणती हे सांगताना त्याने चार वर्ग केले: क्रुद्ध, भीत, लुब्ध आणि मानी. द्रव्याच्या लोभाने जाणारे त्याने तिसऱ्या स्थानी घातले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पहिले स्थान रागावलेल्यांचे; आणि त्या रागावलेल्यांत अग्रभागी कोण, तर ज्याला देतो म्हणून कबूल करून मग फसविले तो, आणि बरोबरीचे काम करूनही ज्याचा अवमान झाला तो. म्हणजे फितुरीचे बीज शत्रूच्या थैलीत शोधण्यापूर्वी ते आपल्या दरबारात शोधावे, असे आमच्या या जुन्या आचार्याचे सांगणे आहे. आमचेही मत तेच आहे.

मराठ्यांच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण नेताजी पालकरांचे. स्वराज्याचा सरनोबत, ज्याच्या नावाचा धाक शत्रूच्या मुलखात होता, असा हा पुरुष १६६६ च्या आरंभी पन्हाळ्यावरील अपयशानंतर महाराजांपासून दुरावला आणि आदिलशाहीस मिळाला. मिर्झा राजा जयसिंगाने संधी साधली आणि पाच हजारांची मनसब देऊन त्याला मोगलांकडे वळविले. पुढे काय झाले? त्याच वर्षी महाराज आग्र्याहून निसटताच बादशहाने या नव्या मनसबदाराला कैद करविले, १६६७ साली त्याचे धर्मांतर करून महंमद कुलीखान असे नाव ठेवले आणि स्वदेशापासून शेकडो कोस दूर काबूलच्या बाजूला धाडून दिले. फितुराला शत्रू विकत घेतो, पण त्याच्यावर विश्वास ठेवीत नाही. हा अनुभव नेताजींनी दहा वर्षे घेतला. १६७६ साली ते परत आले तेव्हा महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतले. ज्या राजाच्या रागामुळे माणूस गेला, त्याच राजाने परतीचा दरवाजा उघडा ठेवला! नेताजींची ही कथा शौर्याकरिता सांगितली जाते. आम्हांला ती या उघड्या दरवाजाकरिता अधिक मोलाची वाटते. संभाजीराजांविषयीही हेच म्हणावे लागेल. १६७८ च्या अखेरीस ते दिलेरखानाकडे गेले. पण पुढच्याच वर्षी भूपाळगडावर पडलेल्या शिबंदीचे हात तोडलेले आणि अथणीची रयत नागविलेली त्यांनी पाहिली, आणि ते माघारी आले. महाराजांनी त्यांनाही टाकले नाही.

आता पगाराची गोष्ट. उपाशी पोटी निष्ठा टिकत नाही, असे म्हणतात आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. निजामाच्या फ्रेंच पलटणींनी १७९५ साली बंडखोर शहजादा अलीजाहाच्या पाठलागावर बीदरपर्यंत धडक मारली होती. तीन वर्षांनी, १७९८ च्या ऑक्टोबरात, त्याच पलटणींतील दहा हजारांहून अधिक शिपायांची शस्त्रे इंग्रजांनी हैदराबादेत लढाईवाचून काढून घेतली. कारण थकलेल्या तलबेपायी शिपाई आपल्याच फ्रेंच सरदारावर उठले होते. परंतु केवळ पगारावर सगळा उलगडा होत नाही. पाचच वर्षांनी दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेत उलटा प्रकार घडला. १८०३ साली इंग्रज गव्हर्नर जनरलाने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या पदरच्या युरोपीय अंमलदारांना निवृत्तिवेतनाचे आमिष दाखविले आणि त्यांतील अनेक जण चालू लागले. मुख्य सेनापती पेराँ यानेही कंपनीचा आश्रय केला. फौजेत सर्वांत गलेलठ्ठ पगार याच लोकांचे! त्यांच्या हाताखालचे तुटपुंज्या तलबेचे हिंदी शिपाई व गोलंदाज मात्र असईला आणि लासवारीला तोफांजवळच कापले गेले. ज्याचे घरदार या मातीत होते तो राहिला. ज्याचे केवळ पाकीट येथे होते तो गेला.

पण बाजू बदलणाऱ्या प्रत्येकास एकाच मापाने मोजता येत नाही. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर चाळीस हजारांहून अधिक हिंदी सैनिक जपान्यांच्या हवाली करण्यात आले. हवाली करणारा अधिकारी इंग्रज होता! ज्या साम्राज्याशी इमान राखण्याची शपथ घेतली, त्यानेच गुराढोरांप्रमाणे दावे दुसऱ्याच्या हाती दिल्यावर त्या शपथेचे ओझे कोणाच्या खांद्यावर राहिले? सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले त्या सैन्यात होते. ते पुढे आझाद हिंद सेनेचे प्रमुख सेनाधिकारी झाले. इंग्रजांच्या कायद्याने ते द्रोही ठरले असते. स्वतंत्र भारताने त्यांना केंद्रात उपमंत्री केले. आझाद हिंद सेनेत न जाता कैदेत खितपत पडणे पसंत करणारेही पुष्कळ होते, आणि त्यांना भ्याड म्हणण्यास आमची जीभ धजणार नाही. आमच्याच भागातील वडीलधाऱ्यांचे पाहा. १९४७-४८ साली निजामाचा अंमल झुगारून येथील तरुण सरहद्द ओलांडून हिंदी संघराज्यातील शिबिरांत गेले. निजामाच्या दृष्टीने ते शत्रुराष्ट्राला मिळालेले बंडखोर होते. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्ग, राजेश्वर, हुमनाबाद या वाटेने आल्या, आणि पाच दिवसांत शब्दांचे अर्थ बदलले.

शिपाई पलीकडे का जातो, याचा सर्वांत मोठा पंचनामा मात्र कोरियात झाला, आणि तो एका मराठी सेनापतीच्या देखरेखीखाली झाला, हे आमच्या नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. १९५३ साली तेथील युद्ध थांबले तेव्हा मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या कैद्यांचे काय करावे, यावर वर्ष-दीड वर्ष वाटाघाटी अडून राहिल्या होत्या. अखेर अशा सर्व कैद्यांचा ताबा भारताकडे आला. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि प्रत्यक्ष पहाऱ्याच्या हिंदी सेनेचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी हिंदी सैनिकांचे पाऊल आपल्या भूमीला लागू देण्यास नकार दिला, म्हणून त्यांना विमानांतून उचलून नेऊन निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथे एका बाजूस चीन व उत्तर कोरियाचे बावीस हजारांहून अधिक कैदी, दुसऱ्या बाजूस संयुक्त राष्ट्रसंघाच्या पक्षाचे ३५९. एकदा संतप्त कैद्यांनी एका हिंदी अधिकाऱ्यास आत कोंडून घेतले, तेव्हा थोरात स्वतः त्या गोटात शिरले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून बाहेर आले.

प्रत्येक देशाच्या प्रतिनिधीने आपल्या माणसाला समोर बसवून परत चलण्याविषयी समजावयाचे, अशी योजना होती. समजावणीला ठरविलेले नव्वद दिवस तंट्यांतच बरेचसे वाया गेले. कैद्यांतील दंडेलांचा आपल्याच सोबत्यांवर जाच होता, हेही खरे. तरीही निकाल बोलका होता. परत फिरले ते अगदी थोडे. चिनी कैद्यांपैकी चौदा हजारांवर फॉर्मोसाला गेले. त्यांतील बहुसंख्य पूर्वी चँग-कै-शेकच्याच फौजेत होते आणि राज्यक्रांतीनंतर त्यांच्या अंगावरचा गणवेष तेवढा बदलला होता. आणि अमेरिकेसारख्या संपन्न देशाचे एकवीस शिपाई चीनला निघून गेले! लालसा म्हणावी तर १९५४ सालच्या चीनपाशी देण्यासारखे काय होते? त्यांत तीन कृष्णवर्णी होते. त्यांतील मेंफिसचा क्लॅरेन्स ॲडम्स याने कारण सांगितले ते असे, की ज्या देशासाठी लढलो तेथे माझ्या वर्णाच्या माणसाला माणूस म्हणून वागविले जात नाही. तो १९६६ साली बायकामुलांसह मायदेशी आला. त्याची चौकशी झाली, पुष्कळांनी त्याला वाळीत टाकल्यासारखे केले. अखेर त्याने त्याच गावात चिनी पदार्थांची खाणावळ चालवून संसार केला. चीनचे गोडवे गाणे हा आमचा हेतू नाही. कौटिल्याच्या मानी व अवमानित या वर्गांचा असा जिवंत दाखला दुसरा सापडणार नाही, म्हणून तो दिला. आणि अठ्ठ्याऐंशी कैद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या. ते जहाजात बसून हिंदुस्थानात आले.

आता आमच्यावरील आरोपाकडे वळू. शत्रू म्हणजे परराष्ट्र. महाराष्ट्र हे कर्नाटकाचे शत्रुराष्ट्र आहे काय? उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. त्या दिवशी ते मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद म्हैसूर राज्यात राहिले. शीव हलली, माणसे आपल्या जागीच होती. भावाभावांच्या शेताचा बांध कोठे पडावा यावर घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदान्वये संसदेने विचार करावा, एवढेच आम्ही म्हणतो. आणि इमानाचा दाखलाच हवा असेल तर तो बेळगावात आहे. ज्या शहरासाठी आम्ही भांडतो, त्याच शहरात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. तेथे शपथ घेऊन निघालेला जवान सीमेवर उभा असतो तेव्हा त्याचे गाव कोणत्या राज्यात असावे याविषयीचे त्याचे मत त्याच्या बंदुकीच्या आड येत नाही.

परंतु त्या जवानाच्या घरी काय चालले आहे, याची चौकशी बंगळूरच्या सरकारने एकदा करावी. औराद तालुक्यातील ज्या आईला मराठीखेरीज दुसरी लिपी लावता येत नाही, तिने मुलाच्या संबंधातला कचेरीचा कागद वाचून घेण्यासाठी गावभर कोणाला शोधीत फिरावे? गाऱ्हाणे राज्यात बोलल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने तिला दिला आहे. त्याचे उत्तरही तिला समजेल अशा भाषेत द्यावे, हे सांगण्यास वेगळा कायदा लागू नये. महाराष्ट्राचा सीमादावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्याला लागायचा तो वेळ लागेल. मराठीत कागद देण्यास मात्र निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. बीदर आणि कलबुर्गी येथील जिल्हाधिकाऱ्यांना मनात आणल्यास त्याची सुरुवात याच महिन्यात करता येईल.