अंगणातली नाव

गोंदिया जिल्हा म्हणजे तलावांचा जिल्हा, असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा ही मोठी नावे झाली; गावोगावच्या बोड्या वेगळ्याच. कोहळ्यांनी बांध घातले, त्यावर धान पिकले आणि ढिवरांनी त्या पाण्यात डोंगे लोटले. पण एवढे पाणी उशाशी असूनही आपल्या घरातल्या मुलांचे नौकानयन कागदाच्या होडीपाशीच संपते. नाव कशी तरते, हे त्यांना पुस्तकात वाचावे लागते!

जुना डोंगा म्हणजे एकाच मोठ्या खोडाला आतून पोखरून केलेली नाव. तशी खोडे आता मिळत नाहीत, आणि नावेपायी उभे झाड पाडावे असे कुणी म्हणणारही नाही. साग, बिजा, ऐन, मोह ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात; आपल्या शेतातले झाड असले तरी परवानगी लागते. डोंग्याच्या जागी आता कुठे फुगवलेली ट्यूब, तर कुठे थर्मोकोलचा तराफा दिसतो. पोट भरायचे तर माणूस मिळेल ते साधन घेणारच, त्याला दोष कसा द्यावा? पण डोंग्याबरोबर हातातली विद्याही चालली, याची हळहळ वाटते.

ही विद्या अंगणात परत आणता येईल. जुन्या घराच्या फळ्या, गावातला सुतार आणि दिवाळीची सुटी एवढे भांडवल पुरे. तीन मीटर लांब, ऐंशी सेंटिमीटर रुंद, सपाट तळाची आणि उभ्या बाजूंची साधी नाव घ्या. ती एक सेंटिमीटर बुडाली की चोवीस लिटर, म्हणजे चोवीस किलो पाणी बाजूला सारते. नाव साठ किलोची आणि वर बसणारे दोघे मिळून एकशेवीस किलोचे धरले, तर ती साडेसात सेंटिमीटर बुडेल. आर्किमिडीजचा सिद्धान्त सातवीतल्या पोराला याहून सोपा करून कोण सांगणार? फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा, वरून राळ किंवा डांबर ओतायचे. नाव पहिल्यांदा पाण्यात सोडली की थोडी गळते. घाबरू नये. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि उरलेल्या बारीक फटी बऱ्याचशा आपोआप मिटतात.

यावर घरातून पहिला आक्षेप येईल तो आईचा, आणि तो खरा आहे. २०२४ च्या जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायकांची नाव वैनगंगेत उलटली आणि त्यांतल्या काही जणी बुडाल्या. हीच वैनगंगा आपल्या तिरोडा तालुक्याच्या कडेने वाहते. ही बातमी वाचून मुलांना पाण्यापासून दूर ठेवावेसे वाटणे साहजिक आहे. मला मात्र त्यातून उलटाच धडा दिसतो. नावेत किती जणांनी बसावे, मध्येच उभे राहिले की ती का कलते, काठ पाण्यापासून किती वर हवा, हे ज्याने स्वतः फळी ठोकून पाहिले आहे तो भरलेल्या नावेत पाय ठेवताना थांबेल. अज्ञान काही कुणाला तारत नाही.

अर्थात नियम कडक हवेत. आधी पोहणे, मग नाव. अंगावर तरंगजाकीट, बरोबर जाणते माणूस, आणि पाणी कमरेएवढेच. तलावात उतरण्याआधी ज्यांचा तिथे मासेमारीचा हक्क आहे त्या ढिवर बांधवांना विचारावे. परवानगी तर मिळेलच, वर वल्हे कसे धरायचे तेही कळेल. आपल्या शाळांत गुरुजींच्या शेजारी अशा एखाद्या जाणत्या ढिवराला आठवड्यातून एक तास मानाने बसवले, तर काय बिघडेल?

बांध पूर्वजांनी बांधून ठेवले. त्यावर तरणारी एक लहानशी नाव तरी आपण मुलांच्या हातून घडवावी.